‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आणि उतारवयातली बुद्धी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्वतःला वाटणारं आरोग्य’ म्हणजे संशोधक नेमकं काय मोजतात?

प्रश्न एकच असतो: ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्ही म्हणाल?’ उत्तरासाठी पाच पर्याय: उत्तम, खूप चांगली, चांगली, बरी, वाईट. काही पाहण्यांत पायऱ्या ‘खूप चांगली’पासून ‘खूप वाईट’पर्यंत असतात. रक्त, रक्तदाब, एक्स-रे यांपैकी काहीही त्यात नसतं, माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेवढंच. अमेरिकेतल्या ‘आरोग्य आणि निवृत्ती’ पाहणीत 1992पासून हा प्रश्न विचारला जातो. भारतात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ ही वृद्धत्वाची मोठी पाहणी हाती घेतली. 2017-18च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांवरच्या 72,000हून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले, आणि त्यांत हाही होता.

इतक्या साध्या प्रश्नाकडे जगाचं लक्ष गेलं ते कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या अभ्यासामुळे. 1982 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तब्येत वाईट म्हणणाऱ्या वृद्धांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका, तब्येत उत्तम म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. दवाखान्याच्या नोंदींतले आजार हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर नसलेलं काहीतरी त्या माणसांना ठाऊक होतं.

याचा बुद्धीच्या ऱ्हासाशी काय संबंध?

सर्वात स्पष्ट उत्तर फ्रान्समधून मिळालं. बोर्दो, दिजाँ आणि माँपेलिए या तीन शहरांतल्या 65 वर्षांवरच्या 8,169 लोकांचा सुमारे सात वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हता. नंतर 618 जणांना तो झाला. सुरुवातीला तब्येत वाईट म्हणणाऱ्यांमध्ये हा धोका चांगली म्हणणाऱ्यांच्या सुमारे 1.7 पट निघाला, आणि ‘बरी’ म्हणणाऱ्यांमध्ये सुमारे 1.3 पट. ज्यांनी विसराळूपणाची काहीच तक्रार केली नव्हती त्यांच्यात तर वाईट उत्तराचा धोका जवळजवळ दुप्पट होता.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. स्मरणशक्तीची तक्रार सुरू होण्याआधीच ‘तब्येत काही ठीक नाही’ ही भावना काही लोकांत दिसते.

मग तब्येत वाईट म्हणणाऱ्याला स्मृतिभ्रंश होणारच का?

नाही. वरचेच आकडे पाहा: 8,169 पैकी 618, म्हणजे शंभरात साधारण साडेसात. एवढ्या कमी धोक्याची 1.7 पट केली तरी बहुसंख्य लोक त्याबाहेरच राहतात. पटींचे आकडे ऐकताना मूळ धोका किती होता हे विचारायची सवय लावून घ्या. बातम्यांत तो क्वचितच सांगितला जातो. भारतात ‘लासी’च्या स्मृतिभ्रंशविषयक उपअभ्यासानुसार 60 वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण 7.4 टक्के आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. संख्या मोठी आहे, पण घरातल्या एका आजोबांचं ‘बरं वाटत नाही’ हे निदान नव्हे. त्या उत्तराचा उपयोग तपासणीला सुरुवात करण्यासाठी आहे.

मनाला वाटणाऱ्या गोष्टीतून मेंदूचं काय कळणार?

कारणं एकात एक गुंतलेली आहेत, पण वेगळी करून पाहिली की उपाय सुचतात.

पहिलं, उत्तर देताना माणूस नकळत सगळ्याची बेरीज करतो: मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोप, भूक, जिना चढताना लागणारी धाप. यांतल्या मधुमेह आणि रक्तदाबाचा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर थेट परिणाम होतो. त्यामुळे शरीराबद्दलचं उत्तर काही अंशी मेंदूच्या रक्तपुरवठ्याबद्दलही असतं.

दुसरं, शरीरात बराच काळ धुमसणारा दाह, म्हणजे आतली सूज (इन्फ्लमेशन). रक्तात दाहाच्या खुणा, उदाहरणार्थ इंटरल्युकिन-6, जास्त असलेले लोक स्वतःची तब्येत सरासरीने वाईट सांगतात. ताप येण्याआधी अंगात कसर असल्यासारखं वाटतं, त्याच जातीची पण सौम्य आणि लांबलेली ही जाणीव. बुद्धीच्या ऱ्हासाशीही दाहाचा संबंध दिसतो.

तिसरं, नैराश्य. त्यावर खाली स्वतंत्र उत्तर आहे.

चौथं, वागण्यात होणारा बदल, आणि यात घरच्यांना सर्वात जास्त करता येतं. तब्येत बरी नाही असं ठरवलेला माणूस सकाळचं फिरणं सोडतो, ज्येष्ठ नागरिक संघात जात नाही, लग्नाला ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतो. चालणं आणि माणसांत मिसळणं या मेंदूला जपणाऱ्या दोन गोष्टी एकदमच कमी होतात. पायातली ताकद जाते, मग तब्येत खरोखर खालावते आणि पुढचं उत्तर आणखी वाईट येतं.

आधी काय होतं? तब्येत बिघडल्याने बुद्धी मंदावते, की बुद्धी मंदावू लागल्याने तब्येत वाईट वाटते?

दोन्ही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचू लागतं ते विसराळूपणा दिसण्याच्या दहा-वीस वर्षं आधी. त्या मधल्या काळात उत्साह कमी होणं, वजन उतरणं, हालचाल मंदावणं असे बदल होऊ शकतात आणि माणसाला ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं वाटतं. तेव्हा वाईट उत्तर काहींच्या बाबतीत धोक्याचं कारण असतं आणि काहींच्या बाबतीत आजाराचं पहिलं सावट. पाहणीतून हे दोन गट पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. घरात काय करायचं ते मात्र यामुळे बदलत नाही: दोन्ही वेळा तपासणी करायची.

‘तब्येत बरी नाही’ आणि ‘हल्ली आठवत नाही’ या तक्रारी सारख्याच का?

वेगळ्या आहेत. चाचणीत गुण नीट येतात पण माणसाला स्वतःला स्मरणशक्ती घसरल्याचं जाणवतं, या अवस्थेचा स्वतंत्र अभ्यास होतो. अशा लोकांवर पुढे काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं, विशेषतः तक्रार गेल्या पाचेक वर्षांत सुरू झाली असेल, साठीनंतरची असेल आणि जवळच्या माणसालाही ती पटत असेल तर. डॉक्टरांकडे दोन्ही तक्रारी निरनिराळ्या सांगा, ‘वयामुळे सगळंच’ अशी सरमिसळ करू नका.

आई म्हणते तब्येत ठणठणीत आहे, पण आम्हाला शंका येते. कोणाचं खरं मानायचं?

स्मृतिभ्रंश वाढू लागला की स्वतःतल्या उणिवा ओळखण्याची क्षमताही कमी होत जाते. आई खोटं बोलत नसते किंवा हट्टही करत नसते. ज्या यंत्रणेने आपली चूक लक्षात येते तीच दुखावलेली असते. म्हणून आजार जडल्यावर पुष्कळ रुग्णांचं तब्येतीबद्दलचं उत्तर ‘चांगली’ असंच येतं. ‘चांगली’ या उत्तरावर विसंबून राहणं ही आम्हाला दिसणारी सर्वात महागात पडणारी चूक.

अशा वेळी घरच्यांची नोंद जास्त विश्वासार्ह. ‘एडी-8’ नावाची आठ प्रश्नांची यादी यासाठीच आहे. गेल्या काही वर्षांत या गोष्टींत बदल झाला आहे का, हे जवळच्या माणसाने सांगायचं:

- निर्णय चुकणं, उदाहरणार्थ फोनवरच्या फसवणुकीला बळी पडणं, नको ती खरेदी करणं
- आवडत्या गोष्टींतला रस जाणं
- तेच प्रश्न, त्याच गोष्टी पुन्हापुन्हा सांगणं
- रिमोट, मिक्सर, मोबाइल यांसारखं उपकरण शिकायला अवघड जाणं
- महिना किंवा वर्ष विसरणं
- पासबुक, वीजबिल, पेन्शनचे व्यवहार न जमणं
- ठरलेल्या भेटी विसरणं
- विचार करण्यात आणि आठवण्यात रोजच अडचण येणं

‘हो, बदल झालाय’ असं दोन किंवा अधिक ठिकाणी आलं तर डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यामुळे बँकेत जाणं थांबलं असेल तर तो बदल मोजायचा नाही, व्यवहार डोक्याने जमत नसतील तरच मोजायचा.

आणखी एक फसगत. हरिपाठ, पसायदान, पाढे, आरत्या हे सगळं मुखोद्गत असतं आणि ते खूप उशिरापर्यंत टिकतं. ‘अख्खा हरिपाठ म्हणते, तिची स्मृती कशी गेली असेल?’ हा युक्तिवाद त्यामुळे चालत नाही. सकाळी कोण येऊन गेलं, काल रात्री जेवणात काय होतं, हे विचारा.

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक घरी ओळखता येतो का?

अंदाज येतो, निदान होत नाही. नैराश्यात माणूस स्वतः तक्रार करतो, ‘मला काही आठवत नाही, माझा उपयोग नाही’ म्हणतो, प्रश्न विचारला की ‘माहीत नाही’ म्हणून सोडून देतो. सुरुवात कधी झाली ते बऱ्याचदा सांगता येतं: जोडीदाराचं जाणं, निवृत्ती, घर बदलणं. स्मृतिभ्रंशात तक्रार सहसा घरचे करतात आणि रुग्ण चुकीचं उत्तर देऊन वेळ मारून नेतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांत उदासी बहुतेकदा शरीराच्या भाषेत येते: अंग दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, पोट साफ होत नाही. म्हणून तब्येतीबद्दलच्या वाईट उत्तरामागे नैराश्य लपलेलं असण्याची शक्यता मोठी. वृद्धांसाठीच्या 15 प्रश्नांच्या नैराश्य चाचणीत 5 किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी लागते. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते केल्यावर पुष्कळांची स्मरणशक्तीही सुधारते. मात्र उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं, म्हणून मन उभारी धरल्यावरही सहा महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी. बोलायला कोणी नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

आपल्याकडे कोणीही विचारलं की ‘बरं चाललंय’ म्हणतात. मग या उत्तराला अर्थ काय?

शंका रास्त आहे. उत्तर तब्येतीइतकंच अपेक्षेवरही अवलंबून असतं. अमर्त्य सेन यांनी 2002 साली दाखवून दिलं होतं की आयुर्मानात सर्वात पुढे असलेल्या केरळमध्ये लोक आजारपण जास्त नोंदवतात आणि मागे असलेल्या बिहारमध्ये कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की माणूस आजार ओळखायला शिकतो. म्हणून गडचिरोलीतल्या आजींचं ‘बरं’ आणि पुण्यातल्या निवृत्त प्राध्यापकांचं ‘बरं’ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. स्त्रिया सरासरीने तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगतात आणि तरी जास्त जगतात, हेही लक्षात ठेवा.

प्रश्नाचे शब्दही उत्तर फिरवतात. ‘तुमच्या वयाच्या मानाने कशी आहे?’ असं विचारलं तर ऐंशीच्या आजोबांचं उत्तर चांगलंच येतं, कारण मनातल्या तुलनेतले बरेच जण आता नाहीत.

यातून मार्ग एकच: तुलना दुसऱ्याशी करायची नाही, त्याच माणसाच्या मागच्या उत्तराशी करायची.

घरी हा प्रश्न कसा विचारायचा?

दर तीन महिन्यांनी एकदा. शब्द तेच, पर्याय तेच, वेळही शक्यतो तीच, सकाळचा चहा झाल्यावर. सुनेसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको, एकांतात विचारा. सण, आजारपण किंवा घरातला मृत्यू नुकताच झाला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. उत्तर वहीत तारखेसह लिहा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा: ‘असं का वाटतं?’ त्याचं उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘पाय दुखतात’ आणि ‘आता कशातच राम वाटत नाही’ या दोन उत्तरांमागे लागणारा डॉक्टर वेगळा आहे. सोबत वजन लिहा.

एखादी पायरी उत्तर खाली-वर होणं नेहमीचंच. दोन पायऱ्या एकदम खाली किंवा सलग दोन वेळा घसरण झाली तर पुढे वाचा. दर आठवड्याला विचारू नका. माणूस कंटाळून ठरीव उत्तर देऊ लागतो.

उत्तर घसरलं. आता नेमकं काय करायचं?

आधी औषधांची पिशवी. घरात असलेली सगळी पाकिटं, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. बुद्धीवर मळभ आणणाऱ्या औषधांची यादी लांब आहे: सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, खाजेसाठीचं हायड्रॉक्सिझिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, थरथरीसाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. यांतली दोन एकत्र आली की गोंधळ वाढतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात. त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

मग रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12, साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या. बी-12ची कमतरता शाकाहारी घरांत मुळातच जास्त. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पॅन्टोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर ती आणखी वाढते. थकवा, पायाला मुंग्या, तोल जाणं आणि विसराळूपणा असं सगळं एकत्र दिसलं तर बी-12 आधी पाहा. रक्तदाबाच्या हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्यांनी सोडियम 135च्या खाली जाऊ शकतं. तेव्हा माणूस सुस्त आणि गोंधळलेला होतो आणि घरच्यांना वाटतं वय झालं.

कान आणि डोळे याच फेरीत तपासा. ऐकू न येणाऱ्या माणसाला बोलणं मुळात पोचतच नाही, मग ते ‘विसरलं’ असं आपण धरतो. कानातला मळ काढल्यावरही फरक पडलेली माणसं असतात.

शेवटी स्मरणशक्तीची चाचणी, आणि तिच्यात गडबड असेल तर मेंदूचा सीटी किंवा एमआरआय. सुरुवात फिजिशियनकडे केली तरी चालते. पुढे गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ.

आजी शाळेत गेल्या नाहीत. त्यांची चाचणी कशी होणार?

30 गुणांची प्रचलित चाचणी लिहिणं-वाचणं येतं असं धरून बनवलेली आहे. निरक्षर माणसाला त्यात कमी गुण मिळतात आणि आजार नसताना शिक्का बसतो. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नव्वदच्या दशकात अशा लोकांसाठी हिंदीत चाचणी बेतली गेली. त्यात सकाळ आहे की संध्याकाळ असे प्रश्न आहेत, लिहिण्याऐवजी तोंडी सांगणं आहे. तुमच्या डॉक्टरांना शिक्षण किती ते चाचणीआधीच सांगा आणि चाचणी आजींच्या बोलीत घ्यायला सांगा. उत्तर सुचवायला नातेवाइकाने शेजारी बसू नये.

मन सकारात्मक ठेवलं तर बुद्धी टिकते का?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावच्या 660 लोकांच्या अभ्यासात, म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक सरासरी 7.5 वर्षं जास्त जगले. नंतरच्या एका अभ्यासात अल्झायमरचा धोका वाढवणारं ‘एपीओई ई4’ जनुक असलेल्यांतही अशी दृष्टी असणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. चांगल्या नजरेमुळेच ते घडलं असं त्यांतून सिद्ध होत नाही. पण ‘साठी बुद्धी नाठी’ हे घरात उठताबसता ऐकवणं थांबवायला एवढं पुरेसं आहे. ते ऐकून माणूस नवं शिकणं सोडतो, हिशेब दुसऱ्याकडे देतो, आणि आजार लपवतो. दुःखी माणसाला ‘सकारात्मक राहा’ सांगणं हा मात्र उपचार नाही.

धोका कमी करण्यासाठी कशाला पुरावा आहे?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने 2024 साली बदलता येण्याजोगे 14 घटक मांडले आणि जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडलेले असल्याचं म्हटलं. कमी शिक्षण, बहिरेपणा, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेला दृष्टिदोष. तब्येतीबद्दलचं उत्तर खाली खेचणारे बरेच घटक याच यादीत आहेत.

घरातून सुरुवात करायची तर रक्तदाब आणि कान यांनी करा. ‘स्प्रिंट माइंड’ या 2019च्या चाचणीत वरचा रक्तदाब 120च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक दुर्बलता, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची पायरी, सुमारे 19 टक्क्यांनी कमी आढळली. तोल जाणाऱ्या माणसाला हे लक्ष्य झेपेलच असं नाही, म्हणून ते डॉक्टरांनी ठरवायचं. 2023च्या ‘अचीव्ह’ चाचणीत श्रवणयंत्राने सर्व सहभागींत मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. चालणं आठवड्याला 150 मिनिटं, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम.

आई-बाबा नाशिकला, आम्ही परदेशात. फोनवर काय विचारायचं?

‘कसे आहात?’ला ‘आम्ही मजेत, तू काळजी करू नकोस’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी तपशील मागा: आज भाजी कोणती केली, काल कोण आलं होतं, हयातीचा दाखला दिला का, गोळ्यांचं पाकीट कधी संपतंय. दोघांशी वेगवेगळं बोला; जोडीदार मागून उत्तर सुचवत असेल तर तीच खूण समजा. शेजारी किंवा कामाच्या ताईंकडून महिन्यातून एकदा ऐकून घ्या: गॅस चालू राहतो का, दूध दोनदा आणलं जातं का. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, आणि अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा मुंबईत आणि पुण्यात आहेत.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यायचं?

गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आला असेल तर. कालपर्यंत ओळखणारे बाबा आज दिवस-रात्र ओळखत नाहीत, भलतंच दिसतंय म्हणतात, किंवा दिवसभर झोपून राहतात. याला भ्रम किंवा डिलिरियम म्हणतात. मागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, साखर घसरणं, लघवी तुंबणं किंवा नवं औषध असू शकतं. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं हे पक्षाघाताचं लक्षण. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पडल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोकेदुखी आणि गुंगी वाढत गेली, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, तर कवटीच्या आत रक्त साचलेलं असू शकतं आणि सीटी त्याच दिवशी लागतो. औषधांची पिशवी आणि वही सोबत घ्या, रुग्णवाहिकेसाठी 108.